टीव्हीच्या खोक्याची बोट

पुठ्ठा, टेप, गोंद आणि रंग. आमच्या वसाहतीच्या स्विमिंग पूलवर दर उन्हाळ्याच्या शेवटी बोटींची शर्यत होते, तिच्यात एवढ्या चारच वस्तू चालतात. प्लास्टिक चालत नाही, लाकूड चालत नाही, थर्मोकोल तर अजिबात नाही. बोटीत दोन माणसांनी बसायचं, पुठ्ठ्याच्याच वल्ह्यांनी पूल ओलांडायचा आणि समोरच्या भिंतीला हात लावायचा. अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावात ऑगस्टच्या उकाड्यात घराबाहेर करण्यासारखं दुसरं काही नसतं, त्यामुळे अख्खी वसाहत छत्र्या आणि बर्फाचे डबे घेऊन काठावर जमते.

पहिल्या नंबराला काय मिळतं ते मला आजही सांगता येणार नाही. सगळ्यात झकास बुडणाऱ्या बोटीला मात्र सिंकचं रबरी बूच मिळतं, सोनेरी रंग दिलेलं. ते वर्षभर सांभाळायचं आणि पुढच्या शर्यतीला आणून नव्या मानकऱ्याला आपल्या हाताने द्यायचं, असा रिवाज आहे. मागच्या वर्षी ते आमच्या घरी आलं.

लेक आणि तिची मैत्रीण बोटीत बसल्या, आणि बसताक्षणी बोट मधोमध उघडली. कोणीतरी व्हिडिओ काढला, त्याला गाणं जोडलं आणि शाळेभर फिरवला. हसण्यासारखं होतंच, मीही हसले. लेक हसली नाही. बूच तिने टेबलाच्या खणात टाकलं आणि वर्षभर त्या खणातलं काही लागलं तर मला काढायला सांगायची.

यंदा जुलैत तिने जाहीर केलं, "आय डोन्ट वॉन्ट टू विन. आय जस्ट वॉन्ट टू टच द वॉल." भिंतीला हात लावायचा आणि ते बूच दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचं. एवढंच. पण एवढ्यासाठी दुसरं माणूस लागतं, आणि मैत्रीण यंदा स्वतःच्या वडिलांबरोबर उतरणार होती.

हे वडील म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत राहणारे काका, मूळ पुण्याचे. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या एका पॉटलकला हातात साबुदाणा वडा घेऊन ते मला सांगायला लागले, "वहिनी, यंदा आम्ही बापलेक. डिझाइन रेडी आहे, कंप्युटरवर थ्रीडी मॉडेल केलंय."

"मॉडेल तरंगलं का?" मी विचारलं.

"शंभर टक्के." मग लेकीकडे वळून, "आणि तुझं काय गं? बूच पॉलिश करून ठेवलंयस ना?"

ती दात दाखवून हसली. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावला आणि घराजवळचं वळण आल्यावर म्हणाली, "आई, तू बसशील माझ्याबरोबर?"

"बसेन," मी म्हटलं.

तेरा वर्षांची मुलगी आपण होऊन आईला कुठे बोलावते म्हटल्यावर विचार करायला वेळ घ्यायचा नसतो. शिवाय खरं सांगायचं तर मला चेव चढला होता. मी तेलाच्या कारखान्यांचे पाइप तपासते. पाइप तापला की किती ताणेल, कुठे फाटेल, याचं गणित करायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. वीस-बावीस वर्षांत मी हाताने एक वस्तू बनवलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवता जेवता मी टिश्यू पेपरवर बोटीचं चित्र काढत होते आणि शेजारचा बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं.

गणित शाळेतलंच आहे. आम्हा दोघींच्या वजनाइतकं पाणी बोटीने बाजूला सारलं पाहिजे. तळ पुरेसा रुंद ठेवला तर बोट वीतभरसुद्धा बुडणार नाही. पुठ्ठा मात्र कडक हवा, वाकायला नको. त्यासाठी दोन-तीन थर एकावर एक चिकटवायचे. आता एवढ्या मोठ्या पृष्ठभागाला बाटलीतला गोंद किती लागणार, हे मी मोठ्याने बोलले आणि सासूबाईंनी ऐकलं.

सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या आणि त्यातले दोन महिने त्यांनी घरात काही काम मिळतंय का हे शोधण्यात घालवले होते. "गोंद कायले विकत आणता? खळ कर," त्या म्हणाल्या. "आम्ही वह्या-पुस्तकं सगळी खळीनंच बांधली. लाकडासारखा होते पुठ्ठा."

मला पटलं. मीही लहानपणी शाळा सुरू व्हायच्या आधी मैद्याच्या खळीने वह्यांना पुठ्ठे लावलेले आहेत, आणि ते पुठ्ठे वर्षभर टिकायचे, मारामारीतसुद्धा. मोठ्या पातेल्यात मैदा आणि पाणी शिजवलं. कीड लागू नये म्हणून तिकडे खळीत मोरचूद टाकतात. इथे ऐनवेळी तो कुठे शोधणार, म्हणून सासूबाईंनी मूठभर हळद टाकली. आम्ही तिघींनी गॅरेजमध्ये जमिनीवर बसून दुकानांच्या मागून गोळा केलेले खोके फोडले, थरावर थर लावले, कडा जोडल्या. पिवळीधमक, टोकदार नाकाची बोट तयार झाली. लेकीने तिचे फोटो काढले. सासूबाईंनी नागपूरला व्हिडिओ कॉल लावून आपल्या बहिणीला बोट सगळ्या बाजूंनी दाखवली.

मग आम्ही ती वाळायची वाट बघत बसलो.

ती वाळली नाही. शुगर लँडच्या दमट हवेत टॉवेल वाळत नाही, आणि आम्ही तीन थर मैदा वाळवत होतो. माझ्या कामात हवेतल्या ओलाव्याची नोंद केल्याशिवाय मी एक आकडा पुढे सरकू देत नाही. पण खळ म्हणजे घरची गोष्ट, तिचं काय गणित करायचं! आठवडा झाला तरी बोट दाबली की हाताचं बोट आत जायचं. हळदीचा वास जाऊन दुसराच कसला तरी वास यायला लागला.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी मी गॅरेजचं दार उघडलं तर ड्राइव्हवेवरून मुंग्यांची रांग सरळ बोटीत शिरत होती. तळाला बुरशीचे करडे डाग होते. तरीही मी वर चढून बसले. पचक असा आवाज झाला आणि मी जमिनीला टेकले.

लेक दारात उभी होती. "इट्स लिटरली अ वेट ढोकळा," ती म्हणाली. आधी ती हसली, मग तिचं तोंड एकदम उतरलं. "सॅटर्डेला रेस आहे, आई."

"काऊन वाळत नाही बाप्पा हे?" सासूबाई मागून डोकावल्या. "आमच्या नागपूरले तर दोन घंट्यात कडक झालं असतं."

"नागपूरला शर्यत नाहीये, आई," मी म्हटलं.

मुंग्यांसकट ती बोट आम्ही कचऱ्याच्या डब्यात कोंबली. ती कोंबताना मी नीट पाहिलं. मधल्या भागात पुठ्ठा ओला होता, तरी एकसंध होता. सुटली होती ती फक्त जिथे दोन तुकडे जोडले होते तिथे. मी डब्याचं झाकण हातात धरून उभीच राहिले. पाइप कधी मधेच गळत नाही, जोडावर गळतो. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते. मागच्या वर्षीची बोट कुठे उघडली होती? जोडावर. मग जोडच नको. पाण्याखाली एकही जोड नसलेली बोट करायची. एकाच अखंड पुठ्ठ्याची.

एवढा मोठा अखंड पुठ्ठा एकाच ठिकाणी होता, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

आमच्या गॅरेजमध्ये दोन गाड्यांची जागा आहे. एका जागेत गाडी असते, दुसऱ्या जागेत खोकी. मिक्सरचं, प्रिंटरचं, व्हॅक्युमचं, एअर फ्रायरचं, प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं, आतल्या थर्मोकोलसकट. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत असा डोंगर आहे. व्हिसावर होतो तेव्हा त्याला अर्थ होता. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळायचा, मग सामान कशात भरणार? "परत जाताना लागेल" म्हणून एकेक खोकं वर चढलं. त्यानंतर ग्रीन कार्ड झालं, घर झालं, डोंगर तसाच राहिला. त्याच्या मागे भिंतीला टेकून सर्वांत मोठं खोकं उभं होतं, पंचाहत्तर इंची टीव्हीचं, जाड, कोरडं, एक ओरखडा नसलेलं. नवऱ्याने त्याच्यावर जुनी चादर घातली होती.

"त्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. मी अजून काही बोललेही नव्हते, नुसती चादर उचलली होती.

"त्यातला टीव्ही कुठाय?"

"टीव्हीचा काय संबंध?"

"तो बिघडून दोन वर्षं झाली. आपण तो टाकून दिला. टीव्ही टाकला आणि खोकं ठेवलं!"

"बॉक्स चांगला आहे, म्हणून ठेवला."

"चांगला आहे म्हणूनच हवाय."

"परत जायची वेळ आली तर असा बॉक्स मिळणार नाही. नवीन टीव्ही बसतो त्यात, मी मापं घेतलीयत."

"पूजा करतोस का रे त्याची?" सासूबाई म्हणाल्या.

त्याने आईकडे रागाने पाहिलं. मग लेकीने विचारलं, "बाबा, आर वी मूव्हिंग?"

"नाही गं. सध्या तरी नाही."

"एव्हर?"

त्याने खोक्यावरून दोनदा हात फिरवला. मग त्याने ते आडवं केलं, आतलं थर्मोकोल एकेक करून बाहेर काढलं, ते जपून फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "मी उघडतो. तुम्ही वाकडंतिकडं फाडाल."

आता एसी चालू असलेल्या दिवाणखान्यात काम सुरू झालं. डायनिंग टेबल भिंतीला लावलं, सोफा सरकवला. खोकं सोडवून पसरलं तर जमीन भरून गेली. पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागद असतो, त्याच्या रेघा बोटीच्या लांबीत ठेवल्या म्हणजे तळ मधेच मोडत नाही. तळ मधोमध आखला, चारी बाजू वर घ्यायच्या. कोपऱ्यात नवरा सवयीने कटर टेकवतो तोच मी ओरडले, "कापू नकोस!"

"मग कोपरा करणार कसा?"

"दुमडायचा. चिरलं की जोड आला."

जाड पुठ्ठा सरळ दुमडत नाही, कुठेही चुरगळतो. आधी चमच्याच्या पाठीने रेघ दाबली, तरी तो हट्टीच. सासूबाईंनी लाटणं आणलं, गुडघ्यांवर बसल्या आणि भाकरीच्या पिठावर देतात तसा जोर देऊन घडी बसवली. कोपऱ्यातला जादा भाग आतल्या बाजूला वळवून टेपने पक्का केला. एक कोपरा बसायला तासभर लागला. चौथा कोपरा लेकीने एकटीने बसवला आणि कोणाला हात लावू दिला नाही.

एकदा मोठं खोकं गेल्यावर बाकीच्यांचीही वाट मोकळी झाली. प्रिंटर, व्हॅक्युम, एअर फ्रायर, सगळे कापून आत दुसरा थर दिला, नागमोडी रेघा आडव्या ठेवून. गोंद या वेळी दुकानातला, पातळ हाताने. वर वजन म्हणून तांदळाच्या आणि कणकेच्या पिशव्या. त्या दिवसांत पोळ्या करायच्या तर कणीक बोटीतून काढून आणावी लागायची. बाहेरून बेडरूमचा उरलेला पिस्ता रंग दोन हात. आम्ही दोघी बसल्यावर पाणी कुठपर्यंत येईल ती रेघ मी पेन्सिलने आखून ठेवली.

"इट लुक्स लाइक अ ट्रे," लेक म्हणाली.

"ट्रेच आहे," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी नवरा आणि मी बोट डोक्यावर घेऊन पूलपर्यंत चालत गेलो. लेक पुढे, खांद्यावर बॅग, बॅगेत बूच. काकांची बोट आधीच येऊन बसली होती. निळीशार, निमुळती, दोन्ही अंगांना आगीच्या ज्वाळा काढलेल्या.

"वहिनी, बोट घरी राहिली का?" काका म्हणाले. "हा ट्रे कशाला आणलात?"

"वडे ठेवायला," मी म्हटलं. "तुमचे राहिले असतील ना त्या दिवशीचे."

सासूबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि बोटीवर वाकल्या.

"आई, ओलं नको!" मी आणि नवरा एकदमच ओरडलो.

"कोरडंच लावते गं. मलाही आता समजते," त्या म्हणाल्या आणि पिस्ता रंगावर लाल ठिपका उठला. तो बघून लेकीने डोळे फिरवले, पण पुसला नाही.

बोटी बुडतात त्या बहुतेक बसतानाच. म्हणून आम्ही घरी जमिनीवर त्याची तालीम केली होती. लेक पुढे गुडघ्यांवर बसली. मी काठावर दोन्ही हात टेकून आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि मग श्वास रोखून काठावरचे हात सोडले. बोट खाली गेली, थांबली. मी बाहेर वाकून पाहिलं. पाणी माझ्या पेन्सिलच्या रेघेच्या बोटभर खाली होतं. इतकी वर्षं मी पाइपांची गणितं करते आहे, पण आकडा असा समोर, ओला, हलताना कधी पाहिला नव्हता. "बघ, बघ, रेघ बघ!" मी ओरडले.

"आई, फोकस!"

शिट्टी वाजली. आमच्या डावीकडे दोन धिप्पाड बाप एका खोक्यात बसले होते. ते वल्हं मारण्यासाठी एकदमच उजवीकडे वाकले आणि तसेच, हातात वल्हं घेऊन, बसल्या बसल्या पाण्याखाली गेले. काठावर जल्लोष झाला. काकांची निळी बोट सुरीसारखी निघाली. आमचा ट्रे जागच्या जागी गोल फिरायला लागला. मी जोर लावला की आणखी गोल.

"आई, स्टॉप हेल्पिंग!" लेक ओरडली. "मी सांगेन तेव्हाच! लेफ्ट. लेफ्ट. वेट. नाऊ राइट!"

मी ऑफिसात सात जणांना हुकूम सोडते. इथे निमूट ऐकत होते, आणि बोट सरळ चालली होती. काठावरून नवरा आमच्या बरोबरीने पळत होता आणि लाइफगार्ड पोरगी त्याच्यावर ओरडत होती, "सर, वॉक! वॉक, प्लीज!" सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर, "हाण! हाण बाप्पा!"

पूलच्या मध्यावर कुणाची तरी बोट उलटली आणि त्याची लाट आमच्या कडेवरून आत आली. गुडघे भिजले. मी अंगठ्याने तळ दाबला. अंगठा आत गेला, वेट ढोकळा.

"आई, इज इट सॉफ्ट?" तिने मागे न बघता विचारलं.

"वल्हव," मी म्हटलं.

तिला कळलं. ती बोलायची थांबली आणि नुसती वल्हवत सुटली, मी तिच्या मागोमाग. काकांची बोट भिंतीला लागली होती. कोणी कितवं आलं ते आता कुणी मोजत नव्हतं. भिंत हातभर राहिली तेव्हा तळ माझ्याखाली फुगून वर आला. लेकीने वल्हं बोटीत टाकलं आणि पुढच्या कडेवर पालथी पडून हात लांब केला. बोटीचं नाक पाण्यात जायला लागलं. मी मागे रेलले, जवळजवळ आडवीच झाले. आता मला आकाश आणि एक लाल छत्री एवढंच दिसत होतं. मग ओल्या फरशीवर चापट मारल्याचा आवाज आला. एकदा नाही, तिने तीनदा चापट मारली.

मी उठून बसले तर ती माझ्याकडे वळलेली होती, केस तोंडावर, एक डोळा झाकलेला. आता शिडीने वर चढायचं असतं. तिने भिंतीला वल्हं लावून बोट मागे लोटली.

"कुठे?" मी विचारलं.

"परत! इट्स स्टिल फ्लोटिंग!"

आम्ही पूलच्या मध्यापर्यंत परत आलो. तिथे तळ गेला, अगदी शांतपणे, आणि मी एकदम छातीभर पाण्यात उभी होते. चारी भिंती माझ्याभोवती परकरासारख्या तरंगत होत्या. मी सगळ्यात आधी कोपरे तपासले. एकही उघडला नव्हता. लेक पाण्यात इतकी हसत होती की तिला ठसका लागला.

"द प्लग! गिव्ह देम द प्लग!" काठावरून बुचासाठी आरोळ्या सुरू झाल्या. भोंगा घेतलेले पंच आजोबा आमच्याकडे बघून हसायला लागले.

लेक पाण्यातून बाहेर आली आणि निथळत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "नो. वी फिनिश्ड. आय टच्ड द वॉल. त्यानंतर वी वर जस्ट स्विमिंग."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, पूलकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिने बॅगेतून बूच काढलं, टॉवेलला पुसलं आणि त्या दोन धिप्पाड बापांपैकी जवळच्याच्या हातात ठेवून हस्तांदोलन केलं. तो म्हणाला, मी जिवापाड जपेन. "इट गोज इन अ ड्रॉवर," तिने त्याला समजावलं.

ज्याची बोट त्याने पूल साफ करायचा असतो. आम्ही जाळीने पुठ्ठ्याचा लगदा काढला. नवऱ्याच्या जाळीत 'ही बाजू वर' असा बाण छापलेला तुकडा आला. तो त्याने दोन्ही हातांनी पिळला आणि डब्यात टाकला.

घरी आल्यावर तो बराच वेळ गॅरेजमध्ये होता. मी बघायला गेले तर फळीवरचं थर्मोकोल हातात घेऊन उभा. "याचं काय करायचं आता?"

"टाक," सासूबाईंनी आतून सांगितलं.

लेक पायरीवर ओल्या कपड्यांतच फोनवर होती. पुढच्या वर्षी तिला आणखी लांब ट्रे करायचा आहे, मैत्रीण आणि ती, दोघींसाठी. मैत्रिणीच्या घरी नुकताच पंच्याऐंशी इंची टीव्ही आला होता.

"आई, काका बॉक्स देत नाहीयेत," तिने वर बघून सांगितलं. "ही इज सेइंग, परत जाताना लागेल."

"दे इकडे फोन," मी म्हटलं.